भाजलेल्या जखमेवर वारेचा पापुद्रा, केळीचं पान, माशाची कातडी... कुणाला अनुभव आहे का?

जाईजुई | मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटवायचा कार्यक्रम असतो. दहा लिटरचं पातेलं दोघांनी मिळून उतरवताना फडकं निसटलं आणि उकळतं दूध सासूबाईंच्या अंगावर आलं. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला, मांडीवरही दोन तळव्यांएवढं. पुढच्या दहा मिनिटांत जे झालं ते लिहायला लाज वाटते. एका काकूंनी टूथपेस्ट चोपडली. दुसऱ्या काकूंनी ती पुसून बटाटा किसून बांधला. गच्चीच्या नळाला पाणी नव्हतं, आणि खाली घरी नेऊन हात पाण्याखाली धरावा एवढं साधं मला सुचलं नाही.

रात्री साडेअकराला दवाखाना गाठला. डॉक्टरांनी भूल देऊन पेस्ट, बटाट्याचा कीस, फुटलेल्या फोडांची कातडी सगळं धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "रोज पट्टी बदलत बसायचं नाही. वारेचा पापुद्रा लावतो. तो जखमेला धरून राहील आणि खाली नवी कातडी आली की आपला आपण सुटेल." पाकिटातून निघाला तेव्हा पतंगाच्या कागदापेक्षा पातळ होता. सलाइनने ओला झाल्यावर हातावर असा बसला की कुठे सुरू होतो नि कुठे संपतो तेच दिसेना.

सासूबाई ७१ वर्षांच्या, मूळच्या पाटण भागातल्या. त्यांनी डॉक्टरांना तिथेच थांबवलं. "वार म्हणजे बाळंतिणीची? कुणाची?" डॉक्टर म्हणाले, ते आम्हालाही कळत नाही, पेढीतून येते. "आमच्यात वार पुरतात हो. ती माणसाला लावतात होय?" शेवटी लावून घेतली, पण तेव्हापासून डावा हात देवाच्या कामाला वापरत नाहीत. दिवा उजव्या हाताने, फुलंही उजव्यानेच.

मला विचारायचंय ते असं. हे सुरक्षित असतं ना? आणि आठ-दहा दिवस जखम उघडायचीच नाही, तर आत जंतू वाढले तर कळणार कसं? मिस्टरांच्या ऑफिसात कुणी म्हणतं परदेशात माशाची कातडी लावतात, कुणी म्हणतं मुंबईत केळीचं पान. थट्टा करतात की खरं आहे?

तांबडा_रस्सा | मंगळवार, रात्री ११.०५

काकूंना लवकर बरं वाटो. कातडीचं मला काही कळत नाही, पण पुढच्या कोजागिरीला पातेलं उचलायचंच नाही, शेगडीवरूनच ओगराळ्याने वाढायचं, असा ठराव करून टाका.

निवृत्त_सिस्टर | मंगळवार, रात्री ११.५२

जाईजुई, केळीचं पान थट्टा नाही. मी माझ्या हाताने शेकडो लावली आहेत. झोप येत नाहीये, तर लिहितेच.

मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच जळीत वॉर्डात. आम्ही लागलो तेव्हा पद्धत म्हणजे पांढरं मलम आणि गॉज. मलम वाईट नाही, जंतू मारतं. पण गॉज जखमेत रुततो. दुसऱ्या दिवशी सलाइनने कितीही भिजवा, काढताना त्याच्याबरोबर नव्याने आलेली कोवळी कातडीही निघते. रक्त येतं. आमच्या ड्रेसिंगच्या ट्रॉलीचं एक चाक कुरकुरायचं. ते वाजलं की वॉर्डातली पोरं रडायला लागायची, ट्रॉली अजून दाराशी असतानाच. एका वॉर्डबॉयने शेवटी त्यात खोबरेल ओतलं. मग पोरं ट्रॉली दिसली की रडायची, एवढाच फरक.

केळीच्या पानाचं काम शीव रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांचं. २००३ साली त्यांचे त्यावरचे निबंध परदेशी नियतकालिकात आले. एक भाजलेल्या जखमांवरचा, दुसरा त्वचारोपणासाठी मांडीवरून कातडी काढतात त्या जागेवरचा. आम्ही करायचो ते असं: पान बाजारातलंच, जेवणावळीला आणतो तसं. मधली जाड शीर काढून टाकायची, धुवायचं, पुसायचं. मग पट्टीच्या कापडावर खळ लावून त्यावर पान चिकटवायचं. घड्या घालून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारायच्या यंत्रात. बाहेर येतं तेव्हा हिरवं राहत नाही, शेवाळी तपकिरी होतं. आणि ऑटोक्लेव्ह उघडला की खोलीभर पानगीचा वास! आम्ही दोघी-तिघी कोकणातल्या होतो, आम्हाला तर भूकच लागायची.

पान मेणचट असतं, जखमेला चिकटत नाही. काढताना नुसतं उचलायचं. पहिल्यांदा लावलं तेव्हा एक बाई डोळे घट्ट मिटून पडलेली, मी पट्टी काढून बाजूला ठेवली तरी विचारत होती, "सिस्टर, सुरू कधी करणार?"

त्याच्या आधी बटाट्याची सालं होती. परळच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानींनी ती आणली, १९८५ ला त्यावर लिहिलं. उकडलेल्या बटाट्याची सालं पट्टीवर शेजारी शेजारी चिकटवायची, आतली बाजू जखमेकडे. काम चांगलं होतं, पण साल केवढी असते? पाठ भाजलेली असली की दुपार त्यातच जायची. केळीचं एक पान घेतलं की अर्धी पाठ झाकली.

गुळवेल | बुधवार, सकाळी ७.१५

बघा! म्हणजे त्या बटाटा बांधणाऱ्या काकू बरोबरच होत्या की. आपलं घरगुती ज्ञान आधी हसण्यावारी न्यायचं, मग परदेशी नियतकालिकात आलं की टाळ्या. सुश्रुतसंहितेत भाजण्याचे चार प्रकार दिलेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध, अतिदग्ध. आणि अतिदग्धात सुटलेलं मांस काढून टाकून जखम गुळवेलीच्या किंवा पाण्यातल्या वनस्पतींच्या पानांनी झाकायला सांगितली आहे. पानाने झाकणं कुणी शोधलं मग?

निवृत्त_सिस्टर | बुधवार, सकाळी ९.३०

अहो गुळवेल, नाव शोभतं तुम्हाला. पण काकूंचा बटाटा आणि आमचा बटाटा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमचं साल उकडलेलं, वाफेखाली निर्जंतुक केलेलं, आणि ते जखम धुतल्यावर लावायचं. काकूंनी बांधला तो कच्चा, मातीतला, स्वयंपाकघरातल्या किसणीवरचा कीस. तो सुकतो, कणीकणीने रुतून बसतो, आणि मग त्या कणी चिमट्याने वेचून काढाव्या लागतात. मी वेचल्या आहेत. एका कॉलेजच्या मुलीच्या गालावरून वेचायला पाऊण तास लागला होता.

टाके_घालणारा | बुधवार, दुपारी २.२०

दोन ऑपरेशनांच्या मध्ये लिहितोय, तुटक वाटलं तर माफ करा. मी प्लास्टिक सर्जन.

गुळवेल, सुश्रुतांचं वाक्य खरं आहे आणि मी विद्यार्थ्यांना ते सांगतो. पण क्रम पाहा. आधी सुटलेलं मांस काढायचं, मग झाकायचं. अख्खा विषय त्या क्रमात आहे.

जाईजुई, तुमच्या जंतूंच्या प्रश्नाकडे येतो. भाजल्याबरोबर जखमेवर फारसे जंतू नसतात, उष्णतेने तेही मेलेले असतात. पण केसांच्या मुळांत आणि घामाच्या ग्रंथींत दडलेले स्टॅफिलोकॉकस वाचतात आणि एक-दोन दिवसांत वर येतात. आठवडा उलटेपर्यंत दुसरी टोळी येते, आतड्यातली आणि वॉर्डातली. त्यातला आमचा जुना वैरी म्हणजे स्यूडोमोनास. पट्टीवर हिरवट-निळी झाक आली की ओळखायचं.

सिस्टरांना वास माहीत असेल.

आता यांना मारायला रक्तातून प्रतिजैविक दिलं तर? खोल भाजलेल्या जागेवरचा मेलेला थर असतो, त्यात रक्तवाहिन्याच उरलेल्या नसतात. रस्ता नाही तर औषध पोचणार कुठून? आणि जंतूंना तर तो थर म्हणजे मांडलेलं ताट. म्हणून खोल जखमेत तो थर लवकरात लवकर तासून काढतात. हे रूढ केलं त्या झोरा यांझेकोविच, तेव्हाच्या युगोस्लाव्हियात मारिबोर गावच्या सर्जन. १९७० साली त्यांनी आपले अनुभव छापले. त्याआधी जगभर थर आपोआप गळायची वाट पाहत, आणि तोवर निम्मी लढाई जंतूंनी जिंकलेली असे.

तासलं की खाली उघडी, ओली, दुखरी जमीन. ती झाकायला हवी. रुग्णाची स्वतःची कातडी सर्वांत उत्तम, पण ६० टक्के भाजलेल्या माणसाकडे द्यायला कातडी उरलीये कुठे? तिथे जैविक आच्छादनं लागतात: मृत दात्याची त्वचा, वारेचं आतलं आवरण म्हणजे ॲम्नियॉन, डुकराची त्वचा, कोलेजन या कातडीतल्या प्रथिनाचे पापुद्रे. तुमच्या सासूबाईंसारख्या वरवरच्या जखमेत तर त्यांचं काम आणखी सोपं. खाली बीज शिल्लक आहे, फक्त त्रास न देता उगवू द्यायचं.

यातलं कुठलंच आच्छादन जंतुनाशक म्हणून लावत नाहीत. ताज्या ॲम्नियॉनमध्ये जंतूंना रोखणारी काही प्रथिनं असतात, पण खरी गंमत चिकटण्यात आहे. ते जखमेला घट्ट बसतं, मधे पोकळी राहत नाही, पोकळी नाही म्हणून पाणी साठत नाही, पाणी नाही म्हणून जंतूंना पोहायला डबकं नाही. शरीराच्या पांढऱ्या पेशी खालून येऊन उरलेल्यांचा समाचार घेतात. याची उलट बाजूही ऐका. घाण जखमेवर हेच लावलं तर तुम्ही जंतूंना पांघरूण घातलंत. आमच्यात साधा हिशोब आहे: एका ग्रॅम ऊतीत एक लाखाहून जास्त जंतू असले की रोपण धरत नाही. म्हणून मी कधी कधी दात्याची त्वचा मुद्दाम चाचणी म्हणून लावतो. तिने धरलं तर जमीन तयार आहे. सरकली तर अजून धुवायचं बाकी आहे.

म्हणून "जखम उघडायचीच नाही तर कळणार कसं" याचं उत्तर तो पापुद्राच देतो. तो पारदर्शक आहे. खाली पांढुरकं-पिवळं पाणी साठून तो फुगला, सुटला, कडेची चांगली कातडी लाल आणि गरम झाली, ताप आला, वास आला, किंवा कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. तसं काही नसेल तर हात लावू नका.

टाके_घालणारा | बुधवार, दुपारी २.३१

सुरक्षिततेचं राहिलं. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी १९८८ पासून आहे. अशा पेढ्यांत ठरवून केलेल्या सिझेरियनच्या वेळी, आईची संमती घेऊन वार घेतात. आईच्या रक्ताच्या एचआयव्ही, कावीळ, सिफिलिस वगैरे तपासण्या होतात. मग वारेपासून आतलं आवरण सोलून, धुऊन, गोठवून सुकवतात आणि शेवटी गॅमा किरणांखाली धरतात. टाटाचे पापुद्रे यासाठी तुर्भ्याच्या आयसोमेडला जात आले आहेत, तेच जिथे सिरिंजा नि टाक्याचे धागे निर्जंतुक होतात. तुमच्या पाकिटावर कुठल्या पेढीचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत आहे ते बघून ठेवा. नसेल तर विचारा. विचारण्यात गैर काही नाही.

निवृत्त_सिस्टर | बुधवार, दुपारी ३.०५

वास माहीत आहे डॉक्टर. द्राक्षं आंबल्यासारखा, गोडसर. दारातूनच कळायचं, पट्टी सोडायच्या आत. मी निवृत्त झाले तरी नाशिकच्या बाजूला द्राक्षं पडून सडलेली असली की माझ्या पोटात गोळा येतो.

हिशोबनीस | बुधवार, सायंकाळी ६.४८

माझ्या भाच्याला फटाक्याने भाजलं तेव्हा कोलेजन लावलं होतं. जखम छान भरली, तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच की एका खासगी रुग्णालयाने आम्हाला आधी काही सांगितलंच नाही. बिलात तीन शीट दिसल्या तेव्हा कळलं की त्या मापावर विकतात, कपड्यासारख्या. लावली दोन तळव्यांएवढी जागा, शीट आणली भलीमोठी, उरलेली कापून टाकली. दुसरं म्हणजे कोलेजन कशाचं ते कुणी सांगितलं नाही. बहुतेक गुरांचं किंवा माशांचं असतं म्हणे. आमच्या बहिणीच्या घरी मांसाहार चालत नाही, तिला नंतर कळल्यावर ती दोन दिवस गप्प होती. विचारलं असतं तर तिने हो म्हटलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण विचारायला नको?

टाके_घालणारा | बुधवार, रात्री ९.१०

हवं. शंभर टक्के. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी गुरांच्या कातड्यातल्या कोलेजनवर पुष्कळ काम झालं आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. संमतीपत्रावर स्रोत लिहायला एक ओळ लागते.

उजनीकाठ | बुधवार, रात्री ९.४४

मासा मासा कोण म्हणालं? आमच्या इथे भिगवणला जी चिलापी तळून खाता ना मंडळी, तीच ती. तिलापिया. ब्राझीलमध्ये तिचीच कातडी भाजलेल्यांना लावतात. आमच्याकडे तीच कातडी कुत्र्यापुढे पडते. उद्योग काढावा म्हणतो.

डेव्हिसकर | गुरुवार, पहाटे ४.२०

उजनीकाठ, बरोबर बोललात. ब्राझीलच्या ईशान्येला फोर्तालेझा शहर आहे, तिथल्या सेआरा विद्यापीठात हे काम झालं. डॉ. एडमार मासिएल आणि प्रा. ओदोरिको दे मोराएस ही त्यातली मुख्य नावं. तिथे मृत दात्याची त्वचा देणाऱ्या पेढ्या मोजक्याच, आणि तिलापिया मात्र रग्गड. तिच्या कातडीत आपल्यासारखंच पहिल्या प्रकारचं कोलेजन भरपूर असतं आणि ती ओली राहते. धुऊन, ग्लिसरॉलमध्ये घालून, किरणोत्साराने निर्जंतुक करतात, मग वासही राहत नाही. वरवरच्या जखमेत एकदा लावली की बरी होईपर्यंत बहुतेक वेळा बदलावी लागत नाही.

मी कॅलिफोर्नियात राहतो. २०१७ च्या डिसेंबरात इथे थॉमस फायर नावाचा वणवा लागला, त्यात दोन अस्वलांचे आणि एका प्युमाच्या पिल्लाचे पंजे भाजले. इथल्याच विद्यापीठाच्या पशुवैद्य जेमी पेटन यांनी त्यांच्या पंजांना तिलापियाची कातडी शिवली. अस्वल पट्टी चाटून खाणार हे उघड होतं, म्हणून वरून गुंडाळायला तांदळाचा कागद आणि मक्याच्या कणसाची पानं वापरली. खाल्लं तर खाल्लं! अस्वलं बरी होऊन रानात गेली. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता.

आइसलँडमध्ये केरेसिस नावाची कंपनी कॉड माशाच्या कातडीपासून असंच आच्छादन बनवते, तेही इथे वापरात आहे.

टाके_घालणारा | गुरुवार, सकाळी ८.१५

उजनीकाठ, उद्योग काढा, पण तोवर कृपया भिगवणहून आणलेली चिलापी कुणाच्या हाताला बांधू नका. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगावर असे जंतू असतात की धडधाकट हाताला काटा टोचला तरी बोट सुजतं. ते निर्जंतुक करण्यातच ब्राझीलवाल्यांची सगळी मेहनत आहे.

गुळवेल | गुरुवार, सकाळी ८.५०

बरं बाबा, बटाटा मागे घेतो. मधाचं तरी मान्य कराल? सुश्रुतांपासून आहे.

टाके_घालणारा | गुरुवार, दुपारी १.३५

मध मान्य. त्याचा पुरावा तर आपल्या सोलापूरचा आहे. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली भाजलेल्या जखमांवर मध आणि ते नेहमीचं पांढरं मलम यांची तुलना छापली. पुढे मध विरुद्ध ॲम्नियॉन आणि मध विरुद्ध उकडलेल्या बटाट्याची सालं, असेही सामने लावले. त्यांच्या मांडणीत मध सरस ठरला. त्या अभ्यासांच्या काटेकोरपणावर नंतर शंका घेतल्या गेल्या, पण वरवरच्या भाजण्यात मध काम करतो हे आता जगभर मानतात. कारणही सरळ आहे: साखर इतकी दाट की जंतूंमधलं पाणी ओढून घेते, मध आंबट असतो, आणि पातळ झाला की त्यातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं.

पण डब्यातला मध नको. त्यात क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, उकळून मारायला गेलात तर विकर मरतं. वैद्यकीय मध गॅमा किरणांखाली निर्जंतुक केलेला मिळतो. आणि भाजल्या क्षणी मध नाही, पान नाही, काही नाही. नळाचं साधं वाहतं पाणी, २० मिनिटं घड्याळ लावून. बर्फसुद्धा नाही. अंगठ्या-बांगड्या लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. दुधाने भाजलं तर जास्त तातडी, कारण साय अंगाला चिकटते आणि उष्णता सोडत नाही. मग स्वच्छ धुतलेला कपडा किंवा स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म सैल गुंडाळून दवाखाना.

ठाकुर्लीकर | गुरुवार, रात्री १०.२०

सगळे बोलले, पण "मृत दात्याची त्वचा" यावरून पटकन पुढे गेलात. मी थांबतो जरा.

दोन वर्षांपूर्वी बाबा घरीच गेले, पहाटे चारला. ८२ वय, मधुमेह, रक्तदाब, सगळं होतं. नेत्रदानाचा अर्ज त्यांनी भरला होता. नेत्रपेढीच्या माणसानेच फोनवर विचारलं, त्वचाही द्याल का? मला तोवर माहीतच नव्हतं की अशी पेढी असते. शीवच्या रुग्णालयात डॉ. गोरे यांनीच २००० साली ती सुरू केली, देशातली पहिली. मग ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये झाली, नागपूरला झाली. मधुमेह चालतो म्हणाले, वयाला वरची मर्यादा नाही, रक्तगट जुळवायची गरज नाही. एचआयव्ही, कावीळ, त्वचेचा कर्करोग, अंगात पसरलेला जंतुसंसर्ग असला तर घेत नाहीत. आणि सहा तासांच्या आत.

माझे मोठे काका म्हणाले, "सोलणार का रे त्याला?" हेच सगळ्यांच्या मनात होतं, ते बोलले एवढंच.

एक डॉक्टर, दोन परिचारिका, एक मदतनीस आले. दार लोटून घेतलं. मला आत थांबायची परवानगी मागितली, दिली. यंत्र सुताराच्या रंध्यासारखं. मांड्यांवरून, पोटऱ्यांवरून आणि पाठीवरून एवढा पातळ पापुद्रा निघाला की त्यातून खालचं बोट दिसत होतं. कातडीच्या जाडीचा आठवा भाग, असं त्यांनी सांगितलं. रक्त नाही. खाली फिकट पांढरी जागा. पाऊण तासात सगळं आटोपलं, पट्ट्या बांधल्या, धोतर नेसवलं. अंत्यदर्शनाला आलेल्या कुणालाही काही कळलं नाही. काकांना मी नंतर सांगितलं की रंधा मारतात, सोलत नाहीत. ते काही बोलले नाहीत, मान हलवली.

पुढे ती त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, चार अंशांच्या आसपास ठेवतात. पाच वर्षंपर्यंत टिकते.

टाके_घालणारा | गुरुवार, रात्री ११.४०

ठाकुर्लीकर, थांबवलंत ते बरं केलंत. तुमच्या बाबांची त्वचा कुणाच्या तरी अंगावर दोन-तीन आठवडे राहिली असेल. मग शरीर ती परकी म्हणून सोडून देतं. कायमची ती कुणाचीच होत नाही. पण तेवढ्या दिवसांत अंगातलं पाणी-प्रथिनं गळायची थांबतात, दुखणं उतरतं, जंतूंना दार बंद होतं, आणि आम्हाला रुग्णाच्या उरलेल्या चांगल्या जागेवरून थोडी थोडी कातडी पुन्हा पुन्हा काढायला वेळ मिळतो. मोठ्या भाजण्यात पेशंट जातो तो बहुतेकदा जंतुसंसर्गाने, आणि हाच वेळ कमी पडतो म्हणून. मी पेढीला फोन करून "आज शिल्लक नाही" हे उत्तर ऐकलंय. केळीचं पान तिथे उपयोगाचं नाही, ते वरवरच्या जखमेचं काम.

तांबडा_रस्सा | शुक्रवार, सकाळी १०.०२

ओगराळ्याचा विनोद करून पळालो होतो, आता पूर्ण धागा वाचला. नेत्रदानाच्या अर्जाशेजारीच हाही ठेवायला काय हरकत आहे? सहा तासांचा हिशोब आहे तर घरच्यांना आधी माहीत पाहिजे. आमच्याकडे कुणी गेलं की पहिले चार तास मुंबईची आत्या कधी पोचणार यातच जातात.

जाईजुई | पुढचा बुधवार, रात्री ९.५५

उशिरा लिहिते आहे, माफ करा. सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमची ट्रॉली मी सासूबाईंना वाचून दाखवली.

आज दहावा दिवस. मांडीवरचा पापुद्रा काल आंघोळीच्या आधी आपणहून सुटला, वाळलेल्या कांद्याच्या पातीसारखा. खाली गुलाबी, चकचकीत कातडी. हाताचं मात्र कोपराच्या वळणावर थोडं बिघडलं. त्यांनी परवा न सांगता तुळशीला पाणी घातलं, पट्टी भिजली, आणि दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागी पापुद्रा फुगून खाली पिवळं पाणी दिसलं. टाके_घालणारा, तुमची यादी डोक्यात होती म्हणून त्याच संध्याकाळी गेलो. डॉक्टरांनी तेवढाच भाग कापून काढला, धुतला, पाणी तपासायला पाठवलं आणि छोटा तुकडा पुन्हा लावला. बाकी हात धरून बसलाय. पाकिटावर पेढीचं नाव, बॅच, मुदत, सगळं होतं.

त्यांनी तपासणीच्या खोलीत डॉक्टरांना विचारलं, "ज्या बाळाची ही वार, त्याचं बारसं झालं असेल ना एव्हाना?" डॉक्टर म्हणाले, आजी, ही सुकवून ठेवलेली असते, बाळ कदाचित चालत असेल. परत येताना रिक्षात म्हणाल्या, मुलगा की मुलगी तेही सांगत नाहीत मेले. आणि आज सकाळी फुलांची परडी डाव्या हातात होती.

आता एकच. मांडीवरच्या नव्या कातडीला भयंकर खाज सुटलीये. काय लावू?

निवृत्त_सिस्टर | पुढचा बुधवार, रात्री १०.३०

खाज सुटणारच, तिथल्या तेलाच्या ग्रंथी अजून चालू झालेल्या नाहीत. कातडी पूर्ण बंद झाली आहे ना? मग साधं खोबरेल, दिवसातून चार-पाच वेळा, चोळायचं नाही, फिरवायचं. नखं कापून टाका त्यांची. सुती, सैल नेसू दे. हाताचं झाकण सुटलं की उन्हात नको, पदराखाली ठेवायचा, नाहीतर डाग काळा पडतो. हातावर सध्या तेल अजिबात नाही, पापुद्रा सुटेल. रात्री फारच झालं तर डॉक्टरांकडून गोळी घ्या.

आणि तुळशीला पाणी तुम्ही घाला.